अगदी समोर बसल्यासारखं

भारी साउंड सिस्टिम घेतलेल्या माणसाकडे चहाला जाऊ नये. चहा मिळतो, पण तो डोळे मिटून प्यावा लागतो.

"मिटा डोळे," यजमान म्हणतात, "आणि आता सांगा, बाई अगदी समोर बसल्यात की नाही?"

बाई म्हणजे कुणीतरी दिवंगत थोर गायिका. त्या समोर बसल्यात हे कबूल करावंच लागतं, कारण स्वयंपाकघरातून पोह्यांच्या फोडणीचा वास येत असतो आणि बशी अजून हातात आलेली नसते. पाहुणा मान डोलावतो. एवढ्यावर सुटका नसते. "तानपुरे कुठे आहेत, सांगा." ही तोंडी परीक्षा. पाहुणा अंदाजाने खिडकीकडे बोट करतो. "बरोबर, एक खिडकीकडे. दुसरा?" दुसरा फ्रिजपाशी निघतो. "आणि तबलजी?" तबलजी टीपॉयच्या किंचित मागे, चपलांच्या स्टँडच्या अलीकडे. अशी सगळी मैफल घरच्या फर्निचरमध्ये बसवून झाली की मग पोहे येतात.

तानसेन होणं ज्याच्या नशिबी नाही त्याने कानसेन व्हावं, ही आपल्याकडची जुनी रीत. जुना कानसेन गवयावर नजर ठेवून असे. सम कशी गाठली, तान कुठे घसरली, धैवत जरा चढा लागला का, यावर त्याची रात्र जायची. नवा कानसेन गवयाला काही बोलत नाही. त्याचं लक्ष गवई ज्यातून येतो त्या खोक्यांवर. साउंडस्टेज रुंद आहे, मिड्स गोड आहेत, व्हॉल्व्हमुळे आवाजाला ऊब आली आहे, फक्त केबल अजून उघडायची आहे. केबल उघडायला शेकडो तास वाजवावी लागते म्हणे. तोवर तिला जमिनीचा स्पर्श होऊ द्यायचा नसतो, म्हणून तिच्याखाली हात-हात अंतरावर लाकडी ठोकळे. त्या घरातल्या आजोबांच्या गुडघ्यांना आधार मिळायचा राहिलेला असतो, पण केबलला मिळालेला असतो.

एवढा सगळा खटाटोप एका शब्दासाठी: नॅचरल. प्रत्यक्ष मैफलीत ऐकावं तसं. दुकानदारही तेच सांगतो, मात्र तिथे तुम्ही मारवा मागा नाहीतर मालकंस, पहिल्यांदा ऐकवलं जातं ते ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. तेही १९९४ सालच्या मैफलीतलं, गिटार संथपणे सुरू होते आणि मग पोटात गुद्दा बसावा असे ढोलाचे ठोके पडतात ते. जगभरच्या साउंड सिस्टिमच्या दुकानांत हेच वाजत आलं आहे. त्यातल्या श्रोत्यांच्या टाळ्या किती खऱ्या वाटतात यावर गिऱ्हाइकाचा निकाल ठरतो. अमेरिकन गाण्याला अमेरिकन लोकांनी वाजवलेल्या टाळ्या ऐकून पुण्यातला माणूस भीमसेनांसाठी स्पीकर पसंत करतो.

आता नॅचरलच्या या कसोटीला शास्त्राधार नाही असं नव्हे. हॅरी पिअर्सन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९७३ साली 'द अ‍ॅब्सोल्यूट साउंड' हे मासिक काढलं आणि दंडक घालून दिला की, खऱ्या जागेत, माइकशिवाय वाजणाऱ्या खऱ्या वाद्यांचा आवाज हाच आदर्श. यंत्राचा दर्जा त्याच्याशी ताडून ठरवायचा. दंडक चोख आहे. अडचण एवढीच की आपण माइकशिवाय गाणं शेवटचं कधी ऐकलं होतं, हे जरा आठवून बघावं. बालगंधर्वांची ऐन उमेदीची वर्षं माइकविना गेली आणि तरी पिटातल्या माणसाचे पैसे वसूल होत. पण त्या पिटात बसलेला माणूस आज स्पीकर घ्यायला येण्याच्या वयाचा राहिलेला नाही. आपल्या पिढीला मैफल म्हणजे माइक. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. आज तिथे हजारो माणसं मांडवात बसतात, गवई पडद्यावर बघतात आणि स्पीकरमधून ऐकतात. त्याला दुसरा इलाजही नाही. म्हणजे घरचा स्पीकर नॅचरल आहे की नाही हे आपण ठरवतो ते मांडवातल्या स्पीकरशी ताडून. 

बरं, मैफलीतला हा आदर्श आवाज तयार कसा होतो, हेही कुठल्याही सभागृहात एकदा नीट बघावं. गवई बसतात, शाल सावरतात. तानपुरे जुळलेले असतात ते पुन्हा जुळवले जातात. पहिला षड्ज लागतो. डोळे मिटलेले, चेहरा तल्लीन, आणि उजवा हात हळूहळू वर जाऊ लागतो. नवख्या श्रोत्याच्या अंगावर काटा येतो. त्याला वाटतं, बुवा आत्ताच तार षड्जाकडे निघाले. बुवा कुठेही निघालेले नसतात. ते वर गेलेलं बोट सभागृहाच्या टोकाला बसलेल्या साउंडवाल्यासाठी असतं आणि त्याचा अर्थ, 'माझ्या मॉनिटरमध्ये, म्हणजे माझ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, मला वाढव.' साउंडवाला मोबाइलमधून मान वर काढतो आणि पाटावरची एक खुंटी फिरवतो. कधी कधी नुसता हात लावून काढून घेतो. तेवढ्याने बुवांचं समाधान होतं, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं.

बुवांचं झालेलं बघून हार्मोनियमवाले भुवया उंचावतात. त्यांनाही वाढवलं जातं. तबलजी ठेका न सोडता डाव्या हाताने कानाकडे खूण करतात. तेही वाढतात. मागे बसलेल्या शिष्या काही बोलत नाहीत, पण आता आपले तानपुरे कुणालाच ऐकू येत नाहीत हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, मग बुवाच बंदिशीच्या दोन ओळींच्या मध्ये, त्याच सुरात म्हणतात, "जरा तानपुरा द्या." सगळे सगळ्यांपेक्षा मोठे झाले की मॉनिटरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा मॉनिटरमध्ये असा फेर धरतो आणि सभागृहभर कूंऽऽ अशी शिट्टी वाजते. पुढच्या रांगेतल्या आजी कानावर हात ठेवतात. साउंडवाला सगळ्या खुंट्या थोड्या थोड्या खाली आणतो आणि पहिल्यापासून सुरुवात होते. तोवर बुवांचा विलंबित अर्धा झालेला असतो.

शिवाय विसाव्या रांगेतून बुवा दिसतात मंचाच्या मधोमध आणि ऐकू येतात उजवीकडच्या खांबावरून. कान असे आहेत की जो आवाज आधी पोचतो त्याच्या दिशेनेच तो आल्याचं धरून चालतात. जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो, म्हणून मग सगळी मैफल खांबाला टांगलेली. घरी चपलांच्या स्टँडच्या अलीकडे बसलेले तबलजी इथे अग्निशामकाच्या लाल नळकांड्यातून वाजतात. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत एखादा कानसेन हमखास भेटतो. हातात मोबाइल, मोबाइलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप. "बाकी गाणं छान," तो म्हणतो, "पण इमेजिंग नाही." आणि त्याचं बरोबर असतं, हीच यातली पंचाईत.

यंत्र आणि माणूस यांची ही जुगलबंदी फार जुनी आहे. कर्ण्यासमोर मान तिरकी करून बसलेला तो जगप्रसिद्ध कुत्रा आठवा, धन्याचा आवाज ओळखणारा. नॅचरल आवाजाच्या बाजूने आजवर नोंदलेली ही सगळ्यात गाजलेली साक्ष. साक्षीदाराचं नाव निपर. तो १८९५ साली वारला. त्याच्या धन्याच्या भावाने, फ्रान्सिस बरो या चित्रकाराने, चित्र काढलं ते त्यानंतर काही वर्षांनी, आणि त्यात कुत्र्यासमोर होता तो एडिसनच्या पद्धतीचा फोनोग्राफ. ग्रामोफोन कंपनीने १८९९ साली चित्र घेताना तो फोनोग्राफ पुसून तिथे आपला ग्रामोफोन रंगवून घेतला. म्हणजे साक्ष झाली एका यंत्रासमोर, छापली गेली दुसऱ्याच्या नावावर, आणि उलटतपासणीला साक्षीदार हयात नाही. आज ऑडिओ उपकरणांची परीक्षणं वाचताना हा इतिहास ध्यानात ठेवला तर बरं पडतं.

एडिसन काही स्वस्थ बसणारा नव्हता. त्याच्या कंपनीने १९१५ पासून अमेरिकेत गावोगाव जाहीर परीक्षाच लावली. रंगमंचावर गायिका उभी, शेजारी एडिसनचा फोनोग्राफ. बाई गातात, मध्येच थांबतात, गाणं यंत्र पुढे नेतं. मग थिएटरात अंधार करायचा आणि लोकांनी ओळखायचं की आत्ता कोण गातंय. लोकांना ओळखता येईना. दिवे लागले की बाई रंगमंचावरून गायब आणि गाणं सुरूच! टाळ्यांचा कडकडाट. अ‍ॅना केस ही त्या प्रयोगांतली एक नामवंत गायिका. म्हातारपणी तिने सांगून टाकलं की यंत्राचा आवाज जसा येतो तसा आवाज ती मुद्दाम लावत असे. म्हणजे यंत्र बाईंसारखं गात नव्हतं, बाई यंत्रासारख्या गात होत्या. पुढच्या शंभर वर्षांचं सगळं भविष्य त्या अंधारात वर्तवून झालं होतं.

कारण पुढे तेच होत गेलं, आणि आपल्याकडे तर ते त्याआधीच सुरू झालं होतं. गोहरजान यांचं गाणं १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झालं तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. तासभर चालणाऱ्या रागाने तीन मिनिटांत आवरायला शिकून घेतलं, आणि शेवटी गायिकेने स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत आणि तिथल्या माणसाला कुठल्या तबकडीवर कोण हे कळायला हवं. लोकांच्या कानात तीन मिनिटांचा ख्याल बसला. चावी उतरत आली की काळी चारमध्ये सुरू झालेली गायिका पांढरी चारकडे घरंगळत जायची. तेही कानात बसलं. त्यानंतर जे समोर येतं ते प्रत्यक्ष गाणं. पण एव्हाना प्रत्यक्षाचीच परीक्षा तबकडीशी ताडून सुरू झालेली असते. आजही लग्नाच्या किंवा गणपतीच्या ऑर्केस्ट्रात गायकाला सगळ्यात मोठी दाद मिळते ती 'अगदी रेकॉर्डसारखं गायला' ही. बेसूर गेला तर गेला, पण मूळ गाण्यात तिसऱ्या कडव्याआधी गायिकेने घेतलेला श्वास याने घेतला नाही तर पैसे परत.

आता कानसेनाच्या कानांविषयी. माणसाला वीस हर्ट्झपासून वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक तरुण कानांविषयी आहे. वय वाढतं तशी वरची पट्टी गळत जाते आणि साठीच्या आसपास बारा हजारांच्या वरचं बहुतेकांच्या हिशेबातून गेलेलं असतं. वीस हजारांच्याही वर जाणारे ट्वीटर परवडतात ते नेमके याच वयात, फ्लॅटचा हप्ता फिटून मुलं अमेरिकेत लागली की. दात होते तेव्हा चणे नव्हते, हे आपल्याकडे कुणीतरी साउंड सिस्टिमचा शोध लागण्याआधीच म्हणून ठेवलं आहे. शिवाय कान एकटे ऐकत नाहीत. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघा संशोधकांनी १९९४ साली ध्वनीच्याच धंद्यातल्या माणसांना काही स्पीकर पडद्याआडूनही आणि उघड्यावरही ऐकवले. उघड्यावर ऐकताना मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले आणि छोट्या प्लास्टिकच्या स्पीकरचे घटले. आवाज तोच. आपल्याकडच्या चहाच्या बैठकीत मात्र डोळे मिटायला लावतात ते किंमत सांगून झाल्यावर. एकदा आकडा कानात गेला की पुढचं सगळं गोडच लागतं.

त्यात खोलीही गाते. बारा फूट लांबीच्या हॉलमध्ये साधारण सत्तेचाळीस हर्ट्झचा आवाज दोन भिंतींच्या मध्ये अडकून घुमत राहतो. भिंतीला टेकून बसलेल्याला तो नको इतका ऐकू येतो आणि खोलीच्या मधोमध बसलेल्याला जवळजवळ येतच नाही. म्हणजे ढोल किती भारदस्त हे ढोलावर नाही, सोफ्यावर अवलंबून. मग सोफा फूटभर पुढे येतो, टीपॉय गॅलरीत जातो, दरवाजा अर्धाच उघडतो आणि शेवटी मैफल ऐकायला एकच जागा उरते, तीही यजमानांची. बाकीच्यांनी स्वयंपाकघरातून ऐकावं.

आमच्या सोसायटीत असे एक कानसेन आहेत. सोसायटीचे सचिवही तेच. त्यांनी हॉलला जाड पडदे लावले, कोपऱ्यांत फोमचे खांब उभे केले, विजेच्या जोडणीसाठी वेगळी वायर ओढून घेतली. तक्रार एकच राहिली: चौथ्या मजल्यावरची मुलगी. ती पहाटे साडेपाचला रियाजाला बसते. आधी खर्ज, मग भैरव, मग पलटे. तानपुरा घेऊन, माइकशिवाय, खऱ्या जागेत. पिअर्सनसाहेबांनी नुसता दंडक घातला होता. ही मुलगी तो रोज पहाटे फुकट पाळते. आवाज जिन्यातून उतरत दुसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ येतो. सचिवांनी तिच्या वडिलांना सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र दिलं: 'पहाटेच्या वेळी आपल्या सदनिकेतून येणाऱ्या आवाजामुळे सभासदांच्या शांततेचा भंग होत असून आपण त्याचा योग्य तो बंदोबस्त करावा.' वडील समजूतदार. खिडकी बंद झाली. त्यानंतर सकाळी आठ वाजता सचिवांकडे भैरव सुरू होतो, तोही इतका नॅचरल की मुलगी परत सुरू झाली असं समजून दुसऱ्या मजल्यावरचे काका एकदा दांडका घेऊन वर गेले होते.

यात सचिवांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. खऱ्या गाण्याला आवाज कमी करायचं बटण नसतं. ते आपल्या सोयीने सुरू होत नाही, चहा आला म्हणून थांबत नाही आणि पलटा चुकला की तोच पलटा चाळीसदा ऐकवतं. तबला खरा म्हणजे किती खरा हवा, तर शेजारचा उठून येणार नाही एवढा. आपल्याला घरात गवई नको असतो. आपल्याला पाहुण्याला दाखवता येईल आणि जेवायच्या वेळी बंद करता येईल असा गवई हवा असतो, आणि तसा तो मिळतो म्हणून यंत्राचे खरं तर आभारच मानले पाहिजेत. त्या चौथ्या मजल्यावरच्या मुलीलाही नॅचरल वगैरे काही पडलेलं नाही. गुरूंनी दिलेलं रेकॉर्डिंग ती मोबाइलवर लावते आणि आवाज मोठा यावा म्हणून मोबाइल स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवते. पातेल्यातून आलेली मींड ती जशीच्या तशी गळ्यात उतरवते. पातेलं कुठल्या कंपनीचं, हे तिला विचारलं तर सांगता यायचं नाही.

तरी सचिव प्रामाणिक माणूस. यंत्राची परीक्षा करायची तर मूळ आवाज कानात हवा, हे त्यांना पटलं आणि त्यासाठी ते थेट मिरजेला गेले. मिरज म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव आणि तानपुऱ्यांचं माहेर. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. एका कारागिराच्या दुकानात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेल्या भोपळ्यांच्या ढिगाशेजारी सतरंजीवर सचिव बसले. कारागिराने तानपुरा मांडीशी घेतला आणि छेडला. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. सचिवांनी डोळे मिटले. बराच वेळ ऐकून म्हणाले, "सुंदर. फक्त ट्रेबल जरा टोचतोय."

कारागिराने वाद केला नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर प्रत्येक तारेखाली एक दोरा असतो. तार घोडीच्या पाठीला किती आणि कुठे घासणार हे त्या दोऱ्याने ठरतं आणि त्या घासण्यातून वरचे स्वर झळाळत बाहेर येतात. तिलाच जवारी म्हणतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या करामतीवर लिहिलं होतं. एरवीच्या नियमाने जे उपस्वर तारेतून यायलाच नकोत, तेही इथे येतात म्हणून त्यांना नवल वाटलं होतं. कारागिराने तो दोरा नखाने केसभर सरकवला आणि पुन्हा छेडलं. आवाज गोल झाला. टोचणं गेलं.

सचिवांचे डोळे उघडले ते त्या दोऱ्यावर खिळले. "हे काय वापरता तुम्ही?"

"दोरा."

"पण कुठला?"

कारागिराने शेजारच्या डब्यातून शिवणकामाचं साधं रीळ काढून दाखवलं. सचिवांनी त्याचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि रात्रीच्या गाडीने परत आले. सध्या त्यांच्या कानसेनांच्या मंडळात कडाक्याची चर्चा चालू आहे ती, स्पीकरच्या केबलवर गुंडाळायला दोरा सुती चांगला की रेशमी, याची. सुती गटाचं म्हणणं, सुताने आवाज नॅचरल येतो. रेशमी गटाचं म्हणणं, सूत अजून उघडायचं आहे.